नॅचरल बॉडी बनवायची तर किती किलो, किती वर्षं? पुण्यातल्या साध्या अंगकाठीच्या माणसाचा खरा हिशोब

मागच्या वर्षी गणपती उठले आणि त्याच आठवड्यात माझा मावसभाऊ रात्री साडेनऊला जिममधून थेट घरी आला, खांद्यावर बॅग तशीच, आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "दादा, तीन महिने रोज जातोय, शर्टात काहीच दिसत नाहीये. तिथला एक जण म्हणतो तुझं शरीरच तसलंय, एक छोटी सायकल मार, दिवाळीपर्यंत फुगशील." सायकल म्हणजे स्टेरॉईडच्या इंजेक्शनांची. पोराचं वय २३, इंजिनीअरिंग नुकतंच संपलेलं. त्या रात्री त्याला जे सांगितलं आणि मग वर्षभर जे करून घेतलं ते सगळं इथे लिहितोय. मी स्वतः ११ वर्षं वजनं उचलतोय, त्यातली पहिली दोन वाया गेली कारण किती वाढ होणं नॉर्मल असतं हेच मला कुणी सांगितलं नव्हतं, दर तीन महिन्यांनी वाटायचं आपलं काहीतरी चुकतंय आणि मी शेड्यूल बदलत राहायचो.

पहिली पायरी: आपण कुठून सुरू करतोय ते बघा

आपल्या पुण्यातच, केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर ज्यावर काम केलं तो विषय प्रत्येक जिमच्या भिंतीवर लावायला हवा. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात फॅट ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. म्हणजे काट्यावर आकडा सारखा असला तरी आपल्याकडच्या माणसाच्या त्या आकड्यात मसल कमी आणि चरबी जास्त असते, आणि ही गोष्ट आळसाची नाही, याज्ञिकांच्या टीमने पुणे जिल्ह्यातल्या गावांमधली नवजात बाळं मोजली तेव्हा त्यांच्यातही हेच दिसलं, वजनाला कमी पण चरबी राखलेली. त्यामुळे हातपाय काटक्या आणि बेंबीपाशी मऊ गोळा असं शरीर आरशात दिसत असेल तर तुम्ही एकटे नाही, निम्मी पेठ तशीच आहे. फक्त हे लक्षात ठेवा की यूट्यूबवरचा जो अमेरिकन पोरगा स्वतःला "बारीक होतो" म्हणतो तो बहुतेक वेळा आपल्यापेक्षा चार-पाच किलो जास्त मसलवर सुरू झालेला असतो.

आता मोजमाप. आईच्या शिलाई मशीनच्या खणात जो पिवळा टेप असतो तो घ्या, जिमचं ते हँडल धरून उभं राहायचं मशीन नको, पाणी जास्त प्यायलात तरी त्याचा आकडा हलतो. सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी मोजायचं. कंबर बेंबीवर, पोट आत न ओढता, श्वास सोडून. दंड सैल सोडून, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, आणि तिथे पेनाने बारीक खूण करायची म्हणजे टेप दरवेळी त्याच जागी येतो, टेप कातडीला टेकायला हवा पण कातडी दबायला नको. छाती, मांडी, वजन हेही. भाऊ पहिल्यांदा मोजताना दंड आवळून उभा होता, १२ इंच आले, सैल सोडायला लावला तर ११.५. वहीत ११.५ लिहिलं. त्या अर्ध्या इंचाने त्याचं तोंड उतरलं होतं पण पुढे तोच खरा आकडा कामाला आला. एक फोटो काढून ठेवा, बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात नको, खिडकीच्या उजेडात, समोरून आणि बाजूने.

दुसरी पायरी: आपल्या उंचीवर काय मावतं

इथे थोडं गणित आहे, कंटाळू नका, सगळा लेख यावरच उभा आहे.

फॅट सोडून अंगात जे उरतं, हाडं, मसल, पाणी सगळं, त्या किलोंना उंचीच्या वर्गाने भागायचं, उंची मीटरमध्ये. याला एफएफएमआय म्हणतात. १९९५ साली अमेरिकेत एका अभ्यासात स्टेरॉईड घेणारे आणि न घेणारे मिळून १५७ ॲथलीट मोजले, त्यात न घेणाऱ्यांचा आकडा साधारण २५ च्या आसपास येऊन थांबत होता. ही काही दगडावरची रेघ नाही, एखादा निसर्गाने दिलेला माणूस थोडा पुढे जातो, पण २५ हे टोक आहे, तिथे पोचायची अपेक्षा ठेवणं म्हणजे गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्याने भारतीय संघाची कॅप धरून चालणं.

भावाची उंची १७२ सेंमी, वजन ६४, कंबर ८८ सेंमी. फॅट अंदाजे २२ टक्के धरलं, तीन-चार टक्के इकडेतिकडे असेल. म्हणजे फॅट सोडून ५० किलो, एफएफएमआय १७ च्या जरा खाली. आता समजा त्याने पाच वर्षं नीट केलं आणि १० किलो फॅटविरहित वजन वाढवलं, तर ६० किलो, आकडा २०.३. आणि तोपर्यंत फॅट १४ टक्क्यांवर आणलं तर एकूण वजन किती? जवळपास ७०.

परत वाचा. पाच वर्षं घाम गाळून काटा ६४ वरून ७० वर, फक्त ६ किलो. पण हा ७० किलोचा माणूस आणि तो ६४ किलोचा माणूस शेजारी उभे केले तर सख्खी आई दचकेल, छाती-खांदे भरलेले, पोट सपाट, दंड साडेतेरा-चौदा इंच. हे चित्र मनात पक्कं बसलं की निम्मी निराशा तिथेच जाते, कारण बहुतेक पोरं "मला ८० किलो व्हायचंय" म्हणून येतात आणि १७२ सेंमीला ८० किलो टाईट, म्हणजे अंगावर चरबी कमी ठेवून, हे त्या टोकाच्या अगदी जवळ जाऊन बसतं. जमलं तर २२ हा आकडा धरा, म्हणजे १७२ सेंमीला १२ टक्के फॅटवर ७४ किलो, आणि तो आठ-दहा वर्षांच्या सातत्याचा माणूस असतो. तसा माणूस तळजाईला टी-शर्टात पळताना दिसला तर लोक वळून बघतात.

वर्षागणिक काय धरायचं? परदेशी कोच मंडळी पहिल्या वर्षाला ९ ते ११ किलो मसल असं म्हणतात, ते झोप, जेवण, व्यायाम सगळं जुळलेल्या तरुण पोरासाठी. आपल्या अंगकाठीला आणि आपल्या दिनक्रमाला मी निम्मं धरतो: पहिलं वर्ष ४ ते ६ किलो, दुसरं २ ते ३, तिसरं एक-दीड, आणि पुढे वर्षाला किलोभर मिळालं तरी देवाला नारळ. पहिल्या काही आठवड्यांत वजन पटकन चढतं त्यात बराच भाग पाणी आणि स्नायूंत साठलेली साखर असते, त्या वेगाने पुढेही चालेल असं समजू नका.

बायकांसाठी वेगळा लेख लागेल खरं तर, पण थोडक्यात, टक्क्यांत वाढ पुरुषांसारखीच होते, किलोत साधारण निम्मी. त्यामुळे "मी पुरुषी दिसेन" ही भीती मनातून काढा आणि जड उचला.

तिसरी पायरी: आधी पोट की आधी दंड

नियम साधा आहे. बेंबीवरची कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, म्हणजे १७२ ला ८६ च्या वर, तर बल्क, म्हणजे जास्त खाऊन वजन वाढवणं, वगैरे विसरा. जेवढं खाताय तेवढंच ठेवा किंवा दोन-तीनशे कॅलरी कमी करा, प्रोटीन वाढवा आणि वजनं उचला. नवख्या माणसाचं फॅट कमी होता होता मसल वाढतं, ही सवलत सुरुवातीलाच मिळते, ती वाया घालवू नका. कंबर निम्म्याच्या बरीच खाली असेल आणि बरगड्या दिसत असतील तर रोज दोनशे ते तीनशे कॅलरी जास्त, वजन महिन्याला अर्धा ते एक किलो वाढायला हवं, त्याहून वेगाने वाढलं तर ते पोटावर जाणार. "बल्क चालूय" म्हणत रोज वडापाव आणि मस्तानी हाणून १२ किलो वाढवलेली पोरं मी बघितलीत, नंतर ते उतरवताना वर्ष जातं.

जेवण

सगळ्यात जास्त गाडी इथे अडते म्हणून जरा थांबून सांगतो.

प्रोटीन किती, तर वजनाच्या दर किलोला १.६ ग्रॅमच्या आसपास. त्याच्यापुढे वाढवून सरासरीत फारसा फायदा दिसत नाही हे २०१८ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात आलंय. ६४ किलोला १०२ ग्रॅम. आता मावशीकडचा शाकाहारी दिवस मांडू: सकाळी पोहे, दाणे घातलेले, ७ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, भाजी, गोडं वरण-भात, सगळं मिळून २० धरा, कारण आपलं वरण पातळ असतं, वाटीभरात चार-पाच ग्रॅमच येतात. संध्याकाळी चहा-खारी, जवळपास काही नाही. रात्री परत २०. झाले ५० च्या आत-बाहेर. म्हणजे निम्मंच. आणि मावशी म्हणते, "अरे पोटभर जेवतो की तो!" जेवतोच, पण पोट भरतं पोळी-भाताने.

ही ५० ची भर कशी घातली ते सांगतो. अर्धा लिटर दूध, १६-१७ ग्रॅम. सुके सोया चंक्स ५० ग्रॅम, २६ ग्रॅम, भिजवून घट्ट पिळून कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात, नीट पिळले नाहीत तर तो वास येतो आणि दुसऱ्या दिवशी कुणी खात नाही. दोनशे ग्रॅम दही, ७ ग्रॅम. झालं. कधी दही फडक्यात रात्रभर टांगून चक्का करायचा, पाणी निघून जातं त्यामुळे तेवढ्याच वाटीत प्रोटीन जास्त, साखर न घालता मीठ-जिरं घालून पोळीशी लावून खाल्ला तर छान लागतो. घरात अंडं चालत असेल तर चार अंड्यांत २४-२५ ग्रॅम, आणि घरात चालत नसेल पण तुम्हाला चालत असेल तर संध्याकाळी उकडलेल्या अंड्यांची गाडी प्रत्येक चौकात आहेच. चिकन खात असाल तर शिजवलेल्या ब्रेस्टच्या १०० ग्रॅममध्ये ३० च्या आसपास, प्रश्नच मिटला. मटकीची उसळ चांगली, पण मिसळ म्हणून खाल तेव्हा वरचं फरसाण आणि तर्रीही मोजा. दाण्यांना लोक प्रोटीन समजतात, १०० ग्रॅममध्ये २५ आहे खरं पण सोबत साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात, मूठभर ठीक.

श्रावणात आणि उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीत प्रोटीन म्हणून जे आहे ते फक्त दाण्याचं. त्या दिवशी दूध, दही, पनीर, राजगिरा यावर काढा. व्हे पावडर म्हणजे दुधातलंच प्रोटीन, एका स्कूपला साधारण २४ ग्रॅम, वर सांगितलेलं जमत असेल तर लागत नाही, हॉस्टेल-मेसवाल्यांना सोयीचं पडतं. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, हे एकच सप्लिमेंट मी मनापासून सांगेन. घेतल्यावर काटा किलोभर वर जातो, ते पाणी आहे. आणि रक्त तपासताना क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठी बघतात तो आकडा, थोडं वाढलेलं दिसू शकतं, डॉक्टरांना आधीच सांगा की मी क्रिएटिन घेतो, माझ्या आईने तो रिपोर्ट बघून रडारड केली होती. किडनीचा आधीपासून त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच वाढवू नका. शाकाहारी असाल तर बी-१२ आणि डी एकदा तपासून घ्या.

बाकी फॅट बर्नर, मास गेनर, टेस्टो बूस्टर यांवर एक रुपया घालवू नका.

चौथी पायरी: व्यायाम

आठवड्यात तीन दिवस, दरवेळी सगळं अंग. स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग, ओव्हरहेड प्रेस, रोमानियन डेडलिफ्ट, पुलअप किंवा पुलडाऊन, शेवटी दंडाचं काहीतरी कारण त्याशिवाय तरुण पोरं येत नाहीत आणि त्यात चूकही नाही. प्रत्येक स्नायूला आठवड्यात दोनदा तरी काम आणि मिळून दहाच्या पुढे कष्टाचे सेट. कष्टाचा सेट म्हणजे संपवताना जेमतेम एक-दोन रेप, म्हणजे एक-दोनदाच आणखी उचलता येईल एवढी ताकद, शिल्लक असावी. फोन बघत मारलेले पंधरा सेट वहीत धरायचे नाहीत. दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती.

वजन वाढवायचं कसं, तर ३ सेट, ८ ते १२ रेप. तिन्ही सेटमध्ये १२ झाल्या की पुढच्या वेळी २.५ किलो वाढवा आणि परत ८ पासून चढत या. आता अडचण अशी की बऱ्याच जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट २.५ ची असते, दोन्ही बाजूंना लावली की एकदम ५ किलो, बेंचला नवख्याचं तिथेच अडतं. भावाला मी सव्वा-सव्वा किलोच्या दोन प्लेट घेऊन दिल्या, तो त्या बॅगेतून नेतो. वर्षभरातल्या सगळ्या खर्चात मला तोच सगळ्यात वसूल झालेला वाटतो. ३० किलोवर अडकलेली बेंच वर्षाअखेर ५२.५ ला ८ रेपवर आली.

ताकदीचा अंदाज हवा असेल तर ६४-६६ किलोच्या माणसाने वर्षाअखेर बेंच ५० ते ६०, स्क्वॉट ७० ते ८०, डेडलिफ्ट ९० ते १००, पुलअप पाच-सात, एवढं गाठलं तर गाडी रुळावर आहे. आरसा हलायच्या आधी वही हलते, म्हणून वही सोडू नका.

जोर-बैठकांचं विचारतात लोक. तालमीतला व्यायाम उत्तमच, जोर मारून ज्याला दहा होत नाहीत त्याची छाती जोरांनीच वाढेल. पण सलग पन्नास व्हायला लागले की मग तो दमसासाचा व्यायाम होतो, साईझसाठी वजन वाढवावंच लागतं. चालायला-पळायला पर्वती, वेताळ टेकडी आहेतच, आठवड्यात दोनदा जा, त्याने मसल जळत नाही.

झोप सात तास. हिंजवडीत नोकरी आणि रात्री अमेरिकेचे कॉल असतील तर मला माहितेय हे बोलणं सोपं आहे, पण साडेपाच तास झोपून पहाटेची जिम गाठण्यापेक्षा तीन दिवस संध्याकाळची गाठा आणि झोपा.

वर्ष ५२ आठवड्यांचं नसतं

यावर कुणी बोलत नाही. पुण्यातलं वर्ष घ्या. जुलैपासून ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस, कमरेला ढोल बांधून तास-दीड तास वाजवल्यावर खांदे आणि कंबर अशी बोलतात की दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट होत नाही. मग दहा दिवस गणपती, जागरणं, मोदक. मग दिवाळी. मग डिसेंबर आणि मे महिन्यातली लग्नं. पावसाळ्यात एखादा व्हायरल, डेंग्यू झाला तर महिना गेला. खरे मोजायला गेलं तर चाळीस-बेचाळीस आठवडे हातात राहतात. हे आधीच धरून चाला. पथकात असाल तर ते दोन महिने आठवड्यात दोनच दिवस, निम्मे सेट, वजन तेच ठेवून करा, एवढ्यावर कमावलेलं टिकतं. आणि आजारपणात गेलेलं मसल पहिल्यांदा कमवायला लागलं त्यापेक्षा खूप लवकर परत येतं, म्हणून सुट्टीनंतर आरशासमोर उभं राहून घाबरून जाऊ नका. जे लोक सप्टेंबरमध्ये खाडा झाला म्हणून सोडून देतात आणि जानेवारीत परत पैसे भरतात ते दरवर्षी पहिलंच वर्ष जगतात.

इंजेक्शनबद्दल

१९९६ साली एक अभ्यास छापून आला, ४३ पुरुष, १० आठवडे. काहींना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, काहींना खोटं इंजेक्शन. औषध न घेता व्यायाम करणाऱ्यांचं फॅटविरहित वजन साधारण २ किलोने वाढलं. औषध घेऊन अजिबात व्यायाम न करणाऱ्यांचं ३.२ किलोने. आणि औषध अधिक व्यायाम, ६.१ किलो. म्हणजे घरी बसून औषध घेणारा घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. भावाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे मी ज्याच्याशी तुलना करत होतो..." हो. जिममधला तो सहा महिन्यांत फुगलेला माणूस तुझ्या शर्यतीतच नाहीये रे.

आणि त्याची किंमत: बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, वृषणं आकसतात, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात, चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, काहींना छातीत गाठी येतात. बंद केल्यावर सगळं आपोआप आणि लगेच पूर्ववत होईलच असं नाही. २३ व्या वर्षी, जिथे नुसत्या वरणभातात चक्का वाढवून वाढ मिळणार आहे तिथे, हे कुणी गळ्यात मारत असेल तर त्या माणसापासून लांब राहा. घेऊन बसला असाल तर लपवू नका, अचानक मनाने काही करण्यापेक्षा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, जा, ते ओरडणार नाहीत.

औषधं नसताना माणूस कसा दिसायचा हे बघायचं असेल तर त्या काळचा नावाजलेला बॉडीबिल्डर युजिन सँडो याचे १८९० च्या दशकातले फोटो बघा. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनलं १९३५ साली.

पाचवी पायरी: दर महिन्याच्या एक तारखेला

महिन्यातून एकदाच मोजायचं, फोटो तीन महिन्यांतून एकदा. वजन उचलण्याचे आकडे चढतायत आणि कंबर जागेवर आहे किंवा उतरतेय, तर काहीही बदलू नका, अगदी आरशात काही दिसत नसलं तरी. सलग दोन महिने उचलण्याचे आकडे अडले तर या क्रमाने बघा: झोप, मग प्रोटीन, मग एकूण जेवण, आणि सगळ्यात शेवटी शेड्यूल. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. छातीच्या मधली फट, ॲब्ज सरळ की वाकडे, मनगटाचं हाड, यातलं काही बदलत नाही, त्यामुळे त्याचं वहीत पान उघडूच नका.

शर्टात दिसायला आठ-दहा महिने तरी लागतात. भावाचं आधी खांद्यात दिसलं. जूनमध्ये कॉलेजच्या वेळचा चेक्सचा शर्ट घालून मावशीसमोर हात वर केला तर काखेत टर्रकन उसवला, मावशी म्हणाली, "शिवून देते, पण माप परत घ्यावं लागेल." तोच पिवळा टेप.

या महिन्याच्या एक तारखेचं त्याचं पान माझ्यासमोर आहे. वजन ६६.५. कंबर ८३. दंड १२.७५, सैल. वर्षभरात काटा अडीच किलो हलला, पण कंबर ५ सेंमी उतरली म्हणजे फॅट अंदाजे १८ टक्क्यांवर आलं असेल, तसं धरलं तर फॅट सोडून ५४.५ किलो, साडेचार किलोची वाढ. शेवटच्या ओळीत त्याने स्वतःच पुढच्या वर्षाचं लिहिलंय: "२ किलो. जास्त मिळालं तर बोनस."